गळ्यात मारलेल्या विम्याचा परतावा आणि त्यावरचा कर

कर्ज किती मंजूर झाले आणि हातात किती पडले, हे दोन आकडे वेगळे असतात, हे गेवराई तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उमापूर असो, तलवाडा असो की मादळमोही, मायक्रोफायनान्सच्या गटातल्या बाईला कर्जाचे विचारले की ती मंजुरीचा आकडा नंतर सांगते. आधी सांगते ते ‘कापून किती आले’. फाईलचे पैसे कापले, इन्शुरन्स कापला, राहिले ते दिले. इन्शुरन्स कोणत्या कंपनीचा, किती वर्षांचा, माणूस गेला तर कागद कुठे द्यायचा, असे विचारले की मात्र ती गप्प होते. तिला ते कुणी सांगितलेलेच नसते.

असा न मागता, न समजावता, कर्जाच्या आडून गळ्यात मारलेला विमा पुढे चुकीचा ठरला आणि पैसे परत आले, तर त्या परताव्यावर आयकर द्यावा लागतो का? वरवर पाहता हा हिशेबनीसाचा प्रश्न आहे. मला तो न्यायाचा प्रश्न वाटतो, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. हप्त्याची मूळ रक्कम परत आली तर ती कमाई नव्हे, तिच्यावर कर नाही. त्या हप्त्यापायी कर्जावर जास्तीचे भरलेले व्याज परत आले तर तीही कमाई नव्हे. पैसे अडकून राहिल्याबद्दल वरून जे व्याज मिळते, त्याला आजचा कायदा बहुतेक वेळा उत्पन्न मानतो. फसवल्या गेलेल्या सामान्य माणसाच्या बाबतीत तसे मानणे चूक आहे आणि ते बदलले पाहिजे. आयकर भरण्याइतके उत्पन्न नसलेल्या तालुक्यात ही चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. चर्चा करायची ती यासाठी, की उगमावर कापला जाणारा कर, म्हणजे टीडीएस, तुमचे उत्पन्न किती हे पाहून कापला जात नाही.

एक कर्जपत्रिका डोळ्यांसमोर आणा. कर्ज ४५ हजार, मुदत २४ महिने, व्याज वर्षाला २४ टक्के. प्रक्रिया शुल्क एक टक्का, म्हणजे ४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८१ रुपये. बाई आणि तिचा नवरा या दोघांचा विमा १,४०० रुपये. हातात येतात ४३ हजार ६९ रुपये. व्याज मात्र पूर्ण ४५ हजारांवर. म्हणजे विम्याचे १,४०० रुपयेही कर्जाऊच घेतले गेले आणि दोन वर्षांच्या हप्त्यांतून त्यांच्यावर पावणेचारशे रुपये व्याज गेले. हे उदाहरण मी मांडलेले आहे, पण असे आकडे तालुक्यातल्या कुठल्याही गटाच्या मीटिंगला जुळवून पाहता येतील. कर्ज फिटते, लगेच दुसरे मंजूर होते, आणि विमा पुन्हा पहिल्यापासून कापला जातो.

हे नियमात बसते का? रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी मायक्रोफायनान्स कर्जासाठी निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. कर्जाव्यतिरिक्त दुसरे काही विकायचे असेल तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी, त्याचे शुल्क कर्जपत्रिकेतच स्पष्ट लिहिलेले हवे आणि ती पत्रिका कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवी, असे त्यात आहे. पुढे एप्रिल २०२४ मध्ये कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकाचा नियम आला. विम्याचा हप्ता कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चात धरून दाखवणे त्याने बंधनकारक केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईतल्या बँकिंग परिषदेत बँकांना बजावले, की विम्याच्या चुकीच्या विक्रीने कर्ज घेणाऱ्याचा खर्च आडवाटेने वाढतो. तेव्हा नियम आहे आणि दुखणे सरकारलाही ठाऊक आहे. अंगठ्याच्या ठशाला किंवा मोबाइलवर आलेल्या ओटीपीला ‘पूर्ण संमती’ म्हणायचे का, एवढेच कुणी धडपणे ठरवत नाही.

बीड जिल्ह्यात ही सवय एका दिवसात लागलेली नाही. आपल्याकडे विमा म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो पीकविमा. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपात आली तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला ती सक्तीची होती. कापसासारख्या नगदी पिकाला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता होता आणि तो कर्जखात्यातून परस्पर वळता व्हायचा. २०२० च्या खरिपापासून योजना ऐच्छिक झाली. पण तीही अशी, की नको असेल तर शेतकऱ्याने मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसे लिहून द्यायचे. न बोलणारा आत धरला जातो. त्याच सुमारास, २०१५ मध्ये आलेल्या जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे पैसे, आज वर्षाला ४३६ आणि २० रुपये, खात्यातून आपोआप जाऊ लागले, आणि आम्ही फॉर्म कधी भरला, असे विचारणारे खातेदार देशभर निघाले. या योजना वाईट नाहीत. पण ‘खात्यातून कापले म्हणजे नियमानेच कापले असतील’ ही समजूत सरकारी योजनांनी गावागावांत मुरवली आणि खासगी विक्रेत्यांना त्याचे आयते पीक मिळाले.

कर्जाला विम्याची जोड असणेही वाईट नाही. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेल्या जोडीतला एक जण ट्रॅक्टरखाली किंवा विजेच्या तारेला लागून गेला, तर कर्ज मिटवणारा विमा मागे राहिलेल्या बाईला मोठा आधार होऊ शकतो. म्हणूनच न सांगता विकलेला विमा जास्त घातक असतो. विमा आहे हेच तिला माहीत नसते. नवरा गेल्यावरही ती पुढचे हप्ते भरत राहते, दाव्याची वेळ निघून जाते आणि हप्त्याचे पैसे कंपनीकडेच राहतात. वय बसत नसताना, आजार लपवून, प्रमाणपत्र हातात न देता दिलेला विमा म्हणजे छत्री म्हणून विकलेला नुसता दांडा. त्याचे पैसे परत मिळाले पाहिजेत, यावर वाद नसावा.

आता कराकडे वळू. आयकर उत्पन्नावर असतो, हाती आलेल्या प्रत्येक रुपयावर नसतो. उसने दिलेले पैसे परत आले तर ते उत्पन्न होत नाही. दुकानदाराने खराब माल परत घेऊन पैसे दिले तर गिऱ्हाईक श्रीमंत होत नाही. विम्याचा हप्ता परत आला तर माणूस फार तर होता तिथे येतो. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो. त्यात कलमांचे आकडे बदलतात, हे तत्त्व बदलत नाही.

अपवाद आहेत आणि ते रास्त आहेत. एखाद्या नोकरदाराने तोच हप्ता ८०सी खाली दाखवून कर वाचवला असेल आणि पॉलिसी दोन वर्षांच्या आत बंद झाली, तर पूर्वी मिळालेली वजावट त्या वर्षाच्या उत्पन्नात परत मिळवली जाते. गेवराईच्या मोंढ्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याने कॅश क्रेडिटबरोबर माथी मारलेल्या विम्याचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून वहीत टाकला असेल, तर परत आलेली रक्कम जुन्या कायद्याच्या कलम ४१(१) प्रमाणे धंद्याचे उत्पन्न ठरते. ज्याने आधी सूट घेतली त्याने ती परत करावी, यात अन्याय नाही. पण ज्या बाईने कधी वजावट घेतली नाही, जिला ८०सी म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिच्या बाबतीत परत करण्यासारखे काहीच नसते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार मोठ्या आकारात उभा राहिला. तिथे कर्ज आणि क्रेडिट कार्डांबरोबर हप्तासंरक्षण विमा वर्षानुवर्षे लोकांच्या गळ्यात घातला गेला. अनेकांना तो लागूच पडणारा नव्हता. २०११ मध्ये बँका न्यायालयात हरल्या आणि परताव्याचे दार उघडले. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात हप्त्यातली ७१.८ टक्के रक्कम दलालीतच गेली होती आणि कर्जदार बाईला त्याचा पत्ता नव्हता. तक्रारीची अखेरची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती आणि तोवरच्या तक्रारींवर परत गेलेली रक्कम अडतीस अब्ज पौंडांच्या घरात पोहोचली. तिथल्या करखात्याने परताव्याचे तुकडे केले. मूळ हप्ता करमुक्त. हप्ता कर्जात मिळवल्यामुळे भरावे लागलेले व्याज परत आले तर तेही करमुक्त. पैसे वापरता आले नाहीत म्हणून वरून दिलेले वर्षाला आठ टक्के सरळ व्याज मात्र करपात्र. बँका त्यातून वीस टक्के कापूनच पैसे द्यायच्या. २०१६ नंतर तिथे हजार पौंडांपर्यंतच्या व्याजाला बहुतेकांना कर नव्हता, तरी कापणे चालूच राहिले. कापलेले परत मिळवायला वेगळा फॉर्म भरावा लागे, आणि तो भरणाऱ्यालाच पैसे मिळत.

यातला पहिला अर्धा भाग आपण जसाच्या तसा घ्यावा, दुसरा घेऊ नये, असे मला वाटते. मात्र दुसऱ्या भागामागचा युक्तिवाद हलका नाही आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. तो असा: बाईने ते १,४०० रुपये विम्याला न देता बँकेत ठेव म्हणून ठेवले असते तर व्याज मिळाले असते आणि ते करपात्र झाले असते. मग तेच व्याज आज भरपाई म्हणून मिळाले तर कर माफ का? फसवल्या गेलेल्याला पूर्वस्थितीत आणावे, त्याहून वर नेऊ नये.

युक्तिवाद सुबक आहे, पण तो ज्या माणसासाठी केलेला आहे तो माणूस गेवराईत राहत नाही. इथली बाई ठेव ठेवत नव्हती, ती कर्ज काढत होती. तिच्याकडचे १,४०० रुपये सहा-सात टक्क्यांनी वाढत नव्हते, ती ते चोवीस टक्क्यांनी घेत होती. ते पैसे तिच्याकडे राहिले असते तर खत-बियाण्याची उधारी तेवढी कमी झाली असती, किंवा मुकादमाची उचल तेवढी कमी घ्यावी लागली असती. म्हणजे तिचे खरे नुकसान बुडालेले व्याज नाही, वाढलेला खर्च आहे. घरखर्चासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाची आयकरात तिला वजावट मिळत नाही. तिने भरलेल्या व्याजाला कायदा खर्च मानत नाही, आणि तिला मिळालेल्या व्याजाला उत्पन्न मानतो. एकाच व्यवहाराच्या दोन बाजूंना लावलेली ही दोन मापे आहेत.

आपल्या न्यायालयांनी या प्रश्नावर बराच खल केला आहे, आणि मराठवाड्याला त्यातला एक धागा चांगला परिचयाचा आहे. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणहून गेवराईच्या रानातून माजलगावकडे गेला. कालव्यासाठी, धरणासाठी, रस्त्यांसाठी जमिनी गेलेल्या माणसांनी वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवल्या. मोबदल्यावरचे व्याज उत्पन्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले होते. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ खालचे व्याज हा मोबदल्याचाच भाग असल्याचे म्हटले. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला: मोबदल्यावरचे किंवा वाढीव मोबदल्यावरचे व्याज ज्या वर्षी हाती येईल त्या वर्षी करपात्र, फक्त त्यातली निम्मी रक्कम वजा. वीस वर्षांचे व्याज एका वर्षात आले आणि त्यातून कर कापून आला, म्हणून चकित झालेले शेतकरी मराठवाड्यात जागोजागी भेटतात. या तरतुदीचे शब्द भूसंपादनापुरते बांधलेले नाहीत. त्यामुळे कुठल्याही भरपाईवरच्या व्याजाला ती लावता येते, असे म्हणायला करखात्याला जागा राहते.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल मला म्हणूनच मोलाचा वाटतो. १९७८ च्या एका मोटार अपघातात लहान मुलगा जायबंदी झाला, भरपाईचा वाद दशके चालला, अखेर मिळालेल्या रकमेत मोठा वाटा व्याजाचा होता आणि त्यावर कर कापला गेला. न्यायालयाने सांगितले, की दावा दाखल झाल्यापासून भरपाई ठरेपर्यंतचे व्याज हा भरपाईचाच भाग आहे, ते उत्पन्नच नाही. आणि जे मुळात उत्पन्न नाही, ते केवळ कर कधी आकारायचा किंवा कसा कापायचा हे सांगणाऱ्या कलमांनी उत्पन्न होत नाही. हा तर्क अपघातापुरता थांबण्याचे कारण मला दिसत नाही. भरपाईची रक्कम दाव्याच्या दिवशीच मिळायला हवी होती, ती उशिरा मिळाली म्हणून तिची किंमत राखायला व्याज दिले जाते. हेच चुकीच्या विम्याच्या परताव्यातही घडते.

ग्राहक न्यायालयांच्या बाजूनेही आधार आहे. २००२ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात म्हटले, की ग्राहकाला द्यायची रक्कम व्याजाच्या दराने मोजली असली तरी ती नुकसानभरपाई आहे, तिच्यातून टीडीएस कापता येणार नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथल्या गृहनिर्माण मंडळाबद्दल तसाच निकाल दिला: घराचा ताबा देण्यात उशीर झाला म्हणून ग्राहकांना दिलेली रक्कम आयकर कायद्याच्या अर्थाने ‘व्याज’ नव्हे. तरी बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब विभाग कापतातच. त्यांना त्यात सोय आहे. कापले नाही तर करखाते त्यांना विचारते. कापले तर विचारणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस असतो, आणि त्याला उत्तर दिले नाही तरी चालते.

ते कापणे कसे लागते ते आकड्यांत पाहू. समजा धुळे–सोलापूर महामार्गावर माल वाहणाऱ्या गेवराईच्या एका पिकअपवाल्याने गाडीसाठी पाच वर्षांचे कर्ज घेतले, व्याज १३ टक्के. कर्जात ५० हजारांचा एकरकमी विमा आणि त्यावरचा नऊ हजार जीएसटी मिळवला. या ५९ हजारांवर पाच वर्षांत त्याने सुमारे साडेएकवीस हजार रुपये जास्तीचे व्याज भरले. दोन वर्षांच्या मुदतीत त्याने बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, चार वर्षांनी निकाल लागला: ५९ हजार परत, कर्जावरचे व्याज परत, तक्रारीपासून वर्षाला नऊ टक्के व्याज म्हणजे २१ हजार २४० रुपये, शिवाय त्रासाचे आणि खर्चाचे काही. कंपनीने २१ हजार २४० वर दहा टक्के कापले तर २,१२४ रुपये गेले. त्याचा पॅन कंपनीकडे नसेल तर वीस टक्के, ४,२४८ रुपये. आणि हिशेबनीसाने ‘व्याज’ हा शब्द पाहून कर्जावरचे परत आलेले साडेएकवीस हजारही त्यातच धरले, तर कापणी दुप्पट.

या माणसाचे वर्षाचे उत्पन्न समजा तीन लाख. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत करच नाही आणि सवलत धरली तर बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर देणे शून्य होते. म्हणजे सरकार जे मागतच नाही ते आधी कापून घेतले गेले. ते परत मिळवायला विवरणपत्र भरायचे, त्यासाठी सल्लागाराला पैसे द्यायचे, खाते आधारला आणि पॅनला जोडलेले आहे का ते पाहायचे, मोबाइल नंबर बदलला असेल तर तो दुरुस्त करायचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने हे कधी करायचे? दिवाळी ते उन्हाळा घराला कुलूप असते. उशिराचे विवरणपत्र भरायची मुदत ३१ डिसेंबरला संपते आणि तेव्हा हंगाम ऐन भरात असतो. कापलेले दोन हजार म्हणूनच पुष्कळदा सोडून दिले जातात. अशा सोडून दिलेल्या रकमा तिजोरीत राहतात आणि त्यांच्या बदल्यात कुणावर कर लागलेलाच नसतो. करदात्याने उशीर केला तर महिन्याला एक टक्का, करखात्याने परतावा उशिरा दिला तर महिन्याला अर्धा टक्का, आणि तो अर्धा टक्काही पुन्हा करपात्र! छोट्या माणसाच्या बाजूने या यंत्रणेत फार थोडे लिहिलेले आहे.

आयकराच्या चर्चेत जीएसटी विसरला जातो. पिकअपवाल्याच्या नऊ हजारांचे काय? चुकीच्या विक्रीवर सरकारने १८ टक्के घेतलेच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याचे सर्वत्र स्वागत झाले. पण कर्जाबरोबरचा विमा बहुधा समूह विमा असतो. मुख्य पॉलिसी बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या नावावर, कर्जदार नुसता सभासद. समूह विम्याला ही माफी नाही. दोन लाखांपर्यंतच्या, सूक्ष्म विमा म्हणून मंजूर पॉलिसींना आधीपासून सूट आहे, पण आपली पॉलिसी त्यात बसते की नाही हे कर्जपत्रिकेवरून कळत नाही. म्हणजे शहरातला सुजाण माणूस स्वतः निवडून घेतो त्या विम्यावर कर नाही, आणि निवड न देता गळ्यात मारलेल्या विम्यावर १८ टक्के आहे. धोरण म्हणून याचे समर्थन कसे करणार?

विमा रद्द झाला तर जीएसटी परत मिळायला हवा आणि त्याची वाटही कागदावर आहे. कंपनीने क्रेडिट नोट काढून तो परत द्यायचा, पण त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची मर्यादा. ती टळली तर, २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे, नोंदणी नसलेला सामान्य ग्राहकही मुदतीआधी बंद झालेल्या दीर्घ मुदतीच्या विम्याचा जीएसटी थेट मागू शकतो. त्यासाठी पोर्टलवर तात्पुरती नोंदणी, पॅन, बँक तपशील, कंपनीचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची मुदत. आणि कायदा सांगतो, की परतावा हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर तो मिळणारच नाही. पाच हजारांच्या हप्त्यावरचा जीएसटी नऊशे रुपये होतो. म्हणजे जितके कर्ज लहान, जितका माणूस गरीब, तितकी त्याची रक्कम कायद्यानेच बाद. घेताना ८१ रुपयेही घ्यायचे आणि देताना हजारांच्या खाली हात लावायचा नाही, हे मला मान्य नाही.

एक आक्षेप आणखी विचारात घ्यावा लागतो. सगळ्या भरपाईवरचे व्याज करमुक्त केले तर मोठ्या कंपन्या आणि धनवान मंडळी साध्या व्यापारी वादांतल्या रकमांनाही भरपाईचे कपडे घालतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच माझी मागणी सरसकट नाही. माफी फक्त व्यक्तीला, ग्राहक म्हणून. फक्त तेव्हा, जेव्हा ग्राहक आयोग, लोकपाल किंवा नियामकाच्या आदेशाने परतावा मिळतो, किंवा कंपनी लेखी चूक मान्य करते. आणि फक्त त्या रकमेला, जिच्यावर पूर्वी कधी करसवलत घेतलेली नाही. मोठ्या कंपनीला या दारातून शिरता येणार नाही, आणि सरकारचा महसूल फार बुडेल असेही नाही, कारण या माणसांपैकी बहुतेकांवर कर लागतच नाही. वाचेल तो त्यांचा हेलपाटा.

कायदा बदलेपर्यंतही करण्यासारखे बरेच आहे. रिझर्व्ह बँक आणि विमा नियामक एका आदेशाने सांगू शकतात, की चुकीच्या विक्रीचा परतावा देताना रकमेची फोड लिहून द्या, जीएसटी तुम्हीच आपल्या पदरचा परत करा आणि तो सरकारकडून नंतर वसूल करून घ्या. वकिलांची फौज तुमच्याकडे आहे, शेतमजूर बाईकडे नाही. ग्राहक आयोगांनी आदेश लिहितानाच ‘ही रक्कम भरपाई आहे, तीतून उगमावर कर कापू नये’ हे एक वाक्य घातले तर पुढचे निम्मे वाद मिटतील. तालुक्यातल्या सनदी लेखापालांनी आणि सेतू केंद्रांनी अशा परताव्यासाठी वर्षातून चार दिवस विनामूल्य बसावे, असेही मला वाटते. गेवराईत कामाचे असे लोक आहेत.

तुमच्या घरात कर्ज असेल, तर आज कर्जपत्रिका काढा आणि विम्याची ओळ शोधा. कंपनीचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक नसेल तर लेखी मागा. पॉलिसी नवी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क आहे. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर गेवराईकरांसाठी विमा लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा अधिकार त्यांना आहे. बीडचा ग्राहक आयोग तीसेक किलोमीटरवर आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी पडत नाही. परतावा ठरला की पैसे खात्यात येण्याआधी कंपनीला पॅन द्या, उत्पन्न करपात्र नसल्याचे घोषणापत्र द्या, आणि पाच आकडे वेगवेगळे लिहून मागा: मूळ हप्ता, त्यावरचा जीएसटी, कर्जावर भरलेले व्याज, उशिराचे व्याज आणि त्रासाची भरपाई. तोंडी उत्तर घेऊ नका. फोड द्यायला कंपनीने लेखी नकार दिला, तर तो कागद जपून ठेवा. पुढच्या तक्रारीत तोच तुमचा पहिला पुरावा असेल.